बराखीखालची दोन फूट जागा



आमच्याकडे कांदा साठवतात त्या जागेला बराख म्हणतात. नाशिककडे चाळ म्हणतात, सरकारी कागदावरही कांदाचाळच लिहिलेलं असतं. दोन्ही शब्द मुळात माणसांच्या घरांचे. बराख म्हणजे लष्कराची बरॅक, चाळ म्हणजे मुंबईच्या गिरणगावातली चाळ. लांबच लांब, अरुंद, खणाला खण लागलेली, बाजूने मोकळी. कांद्याचं घरही तसंच दिसतं म्हणून तीच नावं त्याला चिकटली. आता देहूत उलटं झालंय. इथं चाळ म्हटलं की तळवडे-चाकणला कंपनीत जाणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं तेच म्हणतोय, "दादा, बराख पाड, तिथं सहा खोल्या काढू. कांदा पाच महिने झोपतो, खोली बारा महिने भाडं देते." हिशेब त्याचा चुकीचा नाही. गेल्या वर्षी बराखीत जे झालं त्यानंतर तर मलाच उत्तर सुचत नव्हतं.

झालं असं. मे २०२५ मध्ये पाऊस किती लवकर आला ते सगळ्यांना आठवत असेल. २६ मेला मान्सून मुंबईत पोचला, आणि त्याच्या आधी पंधरा दिवस वळीव चालूच होता. ज्यांचा कांदा शेतात पातीखाली होता त्यांचे हाल झाले. माझा बराखीत भरलेला होता, मी निवांत. छप्पर गळत नव्हतं, बाजूने झड येत नव्हती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वास आला. वरचा कांदा टणटणीत, हात खाली घातला तर बुडाचा थर पिचपिचीत. पाणी वरून आलंच नव्हतं. समोरचा रस्ता त्याच उन्हाळ्यात दीड फूट उंच झाला होता (कोणी केला, कोणाच्या सहीने केला, त्यात जात नाही), आणि रस्त्याचं पाणी सरळ बराखीच्या पोटाखाली येऊन बसत होतं. तीनशे पिशव्यांपैकी सत्तर उकिरड्यावर गेल्या. उरलेला घाईने फोडला, त्या दिवशी जो भाव होता त्या भावाने.

तेव्हापासून मी त्या खालच्या दोन फूट जागेचा नाद घेतलाय. बराखीचा सांगाडा, पत्रा, जाळी यावर सगळे बोलतात. जमीन आणि फळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेबद्दल कोणी बोलत नाही. ती जागा आली कुठून, आधीचे लोक काय करत होते, हे शोधत गेलो ते इथं लिहितो.

सुरुवात जरा लांबून करतो. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तिथं उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर अशी मोठी माणसं त्यात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. त्या घरांमध्ये धान्य ठेवायच्या दोन तऱ्हा सापडल्या. एक, जमिनीत खोदलेले आणि आतून लिंपलेले खड्डे. दुसरी, मातीचे गोल ओटे, ज्यांच्यावर कणगी ठेवायची. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी याच मातीतल्या माणसाने दोन्ही वाटा धरल्या होत्या. ओलीपासून पळायचं तर एक तर जमिनीच्या पोटात शिरून तोंड बंद करायचं, नाहीतर जमिनीपासून वर उचलायचं.

पहिली वाट म्हणजे पेव. आपण सहज म्हणतो, अमक्याचं पेव फुटलंय. पेव प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता थोडीच. ते काळ्या रानात चालत नाही, काळी माती पाणी धरते आणि भेगाळते. उंचावरची मुरमाड, घट्ट जागा बघायची, आत उतरता येईल एवढं तोंड ठेवून खाली फुगीर खड्डा खणायचा. तळाला आणि कडेने काड-भुसा, मग ज्वारी, वर पुन्हा काड, तोंडावर दगड आणि चिखल. आत हवा नाही म्हणून किडा जगत नाही, ओल नाही म्हणून बुरशी नाही. ज्वारी अशी वर्षानुवर्षं टिकायची. पेव फोडलं की लगेच आत उतरायचं नाही हा दंडक होता. आतली हवा माणूस मारते. आधी दिवा सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं.

दुसरी वाट कणगीची. तुराट्या किंवा बांबूच्या काड्यांची विणलेली, शेणमातीने सारवलेली. ती कधी नुसत्या जमिनीवर ठेवत नसत. खाली दगड, दगडावर फळी, फळीवर कणगी. आमच्या जुन्या घरात आजी दर पंधरा दिवसांनी कणगीखाली केरसुणी फिरवायची. मला लहानपणी वाटायचं ही नुसती साफसफाई. खरं तर ती बघायची की दगडाला ओल चढलीय का. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं, म्हणजे या गावात धान्य राखण्याचा धंदा तेव्हापासूनचा. आमच्या देहूत तेरा दिवस इंद्रायणीत राहिलेल्या वह्या कोरड्या निघाल्या अशी श्रद्धा आहे. धान्याला आणि कांद्याला मात्र कोणी देव तेवढी सवलत देत नाही, त्याला दगड-फळीच लागते.

वर उचलण्याची युक्ती आपल्यापुरतीच नाही. रोमन लोकांनी इंग्लंडच्या उत्तर टोकाला, हेड्रियनच्या भिंतीवर लष्करी ठाणी बांधली, तिथल्या कोठारांची दगडी जमीन छोट्या खांबांवर उचललेली होती आणि बाहेरच्या भिंतीला हवा जायला झरोके ठेवले होते. हाउसस्टेड्स नावाच्या ठाण्यात ते बुटके खांब आजही रांगेने उभे आहेत. जपानात नारा शहरात शोसोइन म्हणून आठव्या शतकातलं राजघराण्याचं लाकडी भांडार आहे, ते जाड लाकडी खांबांवर, खालून माणूस चालत जाईल एवढं उंच. स्पेनच्या पावसाळी उत्तर भागात मक्याची कोठारं खांबांवर असतात आणि प्रत्येक खांबावर छत्रीसारखा चपटा दगड, म्हणजे उंदीर वर चढला तरी तिथं अडतो. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी एकच गोष्ट केली. खालून वारा जाऊ दिला.

आता कांद्याकडे येतो, कारण कांदा आणि ज्वारी यांत एक मोठा फरक आहे आणि तो न कळल्यामुळे अजूनही लोक चुकतात. वाळलेली ज्वारी झोपलेली असते. कांद्यात दर शंभर किलोला पंच्याऐंशी किलोच्या वर पाणीच असतं आणि तो काढल्यावरही जिवंत असतो. श्वास घेतो, ऊब सोडतो, वाफ सोडतो. त्याला पेवात कोंडला तर आठ दिवसांत रस होईल. त्याला वारा लागतो, आणि तो खालून लागतो. ढिगातली ऊब वर जाते, तिच्या जागी खालची हवा ओढली जाते. बराख म्हणजे एक प्रकारचं धुराडंच. खालची हवा कोरडी असेल तर कांदा वाळत राहतो, पापुद्रा कडकडीत होतो. खाली चिखल असेल तर तोच ढीग रात्रंदिवस चिखलाची वाफ ओढत बसतो. गेल्या वर्षी माझ्याकडे हेच झालं. छपरावर मी पैसे घातले आणि धुराड्याच्या तोंडाशी डबकं साठू दिलं.

आबांच्या तरुणपणी आमच्याकडे बराख नव्हतीच. आरण लावायचे. शेताच्या उंच कडेला कांद्याची लांब रास, वर कांद्याची पात नाहीतर उसाचं पाचट, बस्स. वळीव लवकर आला की आरण गेली. म्हणून आरण लावणारा माणूस ढगाकडे बघून विकायचा, भावाकडे बघून नाही. सगळ्यांचे ढग एकच, त्यामुळे सगळ्यांच्या गाड्या चाकणच्या बाजारात एकाच आठवड्यात उभ्या. भाव पडायला आणखी काय लागतं?

त्याच चाकणमधून पुढचा इतिहास घडला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संस्थेची नोकरी सोडून आले, खेड तालुक्यात आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करायला लागले, आणि शेतीचा हिशेब मांडल्यावर त्यांना कळलं की तो कधी जमतच नाही. १९७८ ते १९८० या काळात चाकणला कांद्याच्या भावावरून आंदोलनं झाली, पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला, ९ ऑगस्ट १९७९ ला चाकणलाच शेतकरी संघटना उभी राहिली. आबा त्या गर्दीत होते. ते सांगायचे, भाषण ऐकून अंगावर काटा यायचा, पण परत येताना बैलगाडीतला कांदा तसाच असायचा आणि घरी ठेवायला जागा नसायची. मागणी रास्त होती. थांबायची ताकद मात्र फार थोड्यांकडे होती.

ती ताकद बराखीने थोडीफार दिली. आमची पहिली बराख आबांनीच बांधली. तळाला दगड, दगडांवर बाभळीच्या दांड्या, त्यावर बांबू, बाजूला तुराट्यांचे ताटवे, वर उसाचं पाचट. नंतर पाचट जाऊन पत्रा आला. लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि पहाटे आतून घाम सोडतो, म्हणून सिमेंटचा पत्रा बरा, हे आम्हाला दोन हंगाम गमावल्यावर कळलं.

शास्त्र आमच्या दारात आलं ते राजगुरुनगरला. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालं आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला हललं, आता ते संचालनालय आहे. भीमा शक्ती, भीमा किरण हे साठवणीचे वाण तिथलेच. त्यांनी जी मापं सांगितली ती आज सगळीकडे वापरतात. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर. ढिगाची रुंदी चार फुटांच्या आसपास, उंची चार-पाच फूट, त्यापेक्षा जास्त नाही. एकपाखी बराख दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. तापमान २५ ते ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के मिळाली तर कांदा टिकतो. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५ पासून आलं आणि चाळीला अनुदान मिळू लागलं. बरीच वर्षं टनाला साडेतीन हजार रुपये, २५ टनांपर्यंत, असा दर होता. माझी पंधरा टनांची बराख त्यातच झाली.

आता या मापांबद्दल माझं एक मत आहे. दीड-दोन फूट हे माप कुठून मोजायचं, इथं लोक गंडतात. अनुदानाच्या पाहणीला येणारा माणूस फळीपासून खालच्या मातीपर्यंत टेप लावतो, दोन फूट भरले की सही. पण ती खालची माती बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल असेल तर तुम्ही बराख नाही, बराखीखाली हौद बांधलाय. अनेकांनी दोन फूट भरवण्यासाठी आतली माती उकरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. जुन्या लोकांनी घराला जोतं केलं ते याचसाठी. आधी जमीन उचलायची, मग तिच्यावर दगड, मग फळी. माझी चूक वेगळी वाटेल पण आहे तीच. मी बांधताना जोतं बरोबर होतं. बाहेरची दुनिया उंच झाली आणि मी बघत बसलो. देहू, येलवाडी, तळवडे, चिखली, जिथं जिथं रस्ते आणि प्लॉट भरून उंच होतायत तिथल्या सगळ्या बराखी आणि जुनी घरं हळूहळू खड्ड्यात चालली आहेत. दर उन्हाळ्यात एकदा पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

यंदा मी काय केलं ते सांगतो.

कांदा भरायच्या आधी तळाच्या सगळ्या फळ्या काढल्या. खालची काळी चिकट माती फूटभर काढून बाहेर टाकली, जागी भंडाऱ्याच्या बाजूचा मुरूम आणला, धुम्मसने ठोकला आणि मधोमध उंच, दोन्ही कडांना उतार असा कासवाच्या पाठीसारखा केला. वाळू घालू नका असं माझं सांगणं.  रस्त्याच्या बाजूला बराखीपासून चार फुटांवर गुडघाभर चर खणला आणि तो शेताच्या खालच्या अंगाला नेऊन सोडला. आढ्याचं पाणी वळचणीला येतं आणि वळचणीचं पागोळ्यांतून थेट बुडाशी पडतं, उडून आत जातं. म्हणून पत्रा दोन्हीकडे दीड फूट पुढे वाढवला आणि पागोळ्या पडतात तिथं फरशीचे तुकडे लावून उतार बाहेर काढला. झड पश्चिमेची असते. त्या अंगाला तळाच्या मोकळ्या जागेपुढे जुन्या शेडनेटचा पडदा आहे. पाऊस चालू असताना खाली, ऊन पडलं की वर. कायमचा बंद करायचा नाही. काही लोक विटांची भिंत घालून तळ बंद करतात, मग कुत्री-मांजरं आत जात नाहीत हे खरं, पण वाराही जात नाही.

फळ्या जुन्या होत्या, त्यातल्या निम्म्या खालून कुजलेल्या. नव्या सागाला हात लावायची सोय नाही. म्हणून पॅलेट आणली. कंपन्यांत माल येतो तेव्हा त्याच्या खाली जी लाकडी चौकट असते तीच. या वस्तूचाही इतिहास बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा माल झटपट चढवा-उतरवायला ती जगभर पसरली. आणि करते काय, तर माल जमिनीपासून चार-पाच इंच उचलून धरते, म्हणजे आजीचे कणगीखालचे दगडच. आपल्या पट्ट्यात चाकण आहे तोवर पॅलेटला तोटा नाही. पूर्वी कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे ढीग असायचे, २०२५ च्या फेब्रुवारीत तिथली दुकानं पाडली गेल्यावर आता शोधावं लागतं.

पॅलेट घेताना एक गोष्ट मात्र नक्की बघा. परदेशातून आलेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि इंग्रजीत दोन अक्षरं छापलेली असतात. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याची ही खूण. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेली आहे. ते खाण्याच्या वस्तूखाली नको, आणि चुलीत तर मुळीच नको. तेलाचे, रंगाचे डाग असलेलीही सोडून द्या, स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो.

पॅलेट थेट मुरमावर ठेवली नाहीत. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर लोखंडी अँगल, त्यावर पॅलेट. ठोकळा आणि अँगल यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे सिमेंटमधून चढलेली ओल वर जात नाही. मुरमापासून पॅलेटपर्यंत आता सव्वीस इंच आहे. खाली झाडू घेऊन बसता येतं, हे महत्त्वाचं. जिथं हात पोचत नाही ती जागा कोरडी राहिलीय की नाही हे कधीच कळत नाही. खाली गळून पडलेला एखादा सडका कांदाही ओल धरतो, चिलटं धरतो. तो आठवड्याला काढायचा.

यात एक गोष्ट कबूल करतो. तळ कितीही कोरडा ठेवला तरी भाव आपल्या हातात येत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली ती ४ मे २०२४ पर्यंत चालली, त्यात ज्यांचा माल उत्तम होता तेही मेलेच. भाऊ हेच म्हणतो. मी त्याला म्हटलं, बंदीने भाव पडला तर शिव्या द्यायला सरकार आहे, खालून ओल आली तर शिव्या कुणाला देऊ? तो हसला, पण खोल्यांचा नकाशा अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे. आमचं ठरलंय ते असं, की हा एक हंगाम बघायचा. दिवाळीआधी फोडताना शंभरातल्या दहाच्या वर पिशव्या खराब निघाल्या तर बराख त्याची.

यंदा घाई एवढ्यासाठी की पंचांगाने सगळ्यांना फसवलंय. आमच्या गावात कामं पालखीवर मोजतात. बीजेला कांदा काढणीला आलेला असतो आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांचं प्रस्थान, त्याच्या आत बराख बंदोबस्तात पाहिजे. गेल्या वर्षी प्रस्थान १८ जूनला होतं. यंदा ज्येष्ठच अधिक, त्यामुळे प्रस्थान जुलैवर गेलंय आणि अर्धा गाव म्हणतोय अजून वेळ आहे. पाऊस अधिकमास मानत नाही. तो रोहिणी-मृगावर येतो, आणि गेल्या वर्षी तर त्याने तेही मानलं नाही.

शेवटी एक सोपी परीक्षा, पावसाळ्याच्या आत करायची. वाटीत मूठभर साधं जाडं मीठ घ्यायचं, बराखीखाली रात्रभर ठेवायचं. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरायला लागतं, आणि कांद्याला सत्तरपर्यंतच पाहिजे, म्हणजे धोक्याची घंटा बरोबर जागेवर वाजते. एक वाटी खाली, एक बाहेर ओट्यावर. बाहेरचं कोरडं आणि खालचं ओलं, तर ओल जमिनीतून येतेय. दोन्ही ओली असतील तर ती हवेची आहे, तिला इलाज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही परीक्षा उपयोगाची नाही, तेव्हा स्वयंपाकघरातलं मीठही भिजतं.

काल रात्री चार वाट्या ठेवल्या होत्या. सकाळी बघितलं, तीन कोरड्या, रस्त्याकडच्या टोकाची कडेने ओलसर. बाहेरची खणखणीत. म्हणजे चराचा उतार त्या कोपऱ्यात कुठंतरी अडलाय. दुपारी तिथली दोन पॅलेट उचलतोय, भाऊ खोरं घेऊन येतो म्हणालाय.